चालताना बोलता आलं पाहिजे

शुद्धीत असतानाच्या शेवटच्या भेटीत सिस्टरनी मला जिना चढायला लावला. अकोल्याच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितल्यावर वर्षानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, त्यांना आमच्या कामरगावला परत आणलं होतं. समोरच्या खोलीत खाट टाकली होती आणि खाटेवरून गच्चीकडे जाणारा जिना दिसायचा. मी हात धरून बसले होते. तीस वर्षं वर्गात बडबड करून पोट भरलेली बाई मी, पण तिथं काय बोलावं ते सुचेना... मग सिस्टरच हळू आवाजात म्हणाल्या, "म्याडम, तो जिना चढून या बरं एक डाव. वर जा, खाली या, अन् मंग माह्याजवळ बसून बोला." मला वाटलं, औषधांच्या गुंगीत काहीतरी बोलताहेत. पण डोळे अगदी जागे होते. मी पदर खोचला आणि चढले. वर जाऊन आले, पुन्हा एकदा जाऊन आले आणि खाटेशी बसून बोलायला लागले. सकाळी कोणती भाजी केली, मांजरीनं दूध कसं सांडलं, असलंच काहीबाही. सिस्टर डोळे मिटून ऐकत होत्या. शब्दांकडे त्यांचं लक्ष नव्हतं, मी मध्ये कुठं श्वासासाठी थांबते का, ते त्या ऐकत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चांगलं हाय. आता सोडू नका." पाचव्या दिवशी सकाळी वर्षाचा फोन आला. मी फिरायला निघायचं म्हणून चपला घालत होते. "मावशी..." एवढंच ती म्हणाली. मी चपला काढून ठेवल्या.

त्यांचं नाव सुमन तायडे. माहेर आसेगावचं, आणि सारी नोकरी आमच्या भागातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून झाली. गावात कोणी त्यांना सुमनताई म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. लहान पोरापासून सरपंचापर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टरच. जिथं एसटी जात नव्हती त्या वाड्यावस्त्यांवर लसीची पेटी खांद्याला अडकवून पायी जायच्या. मी त्याच गावात शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. पहिली काही वर्षं उभं राहून शिकवलं, मग खुर्चीत बसून शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर खुर्चीतून थेट दिवाणावर आले. मिस्टर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा निखिल पुण्याला, कंपनीत. घर मोठं, दिवाण मऊ आणि टीव्ही समोर. एवढ्यात माणूस संपायला फार काही लागत नाही.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मला बाजारातून घरी येईपर्यंत दोनदा थांबावं लागायला लागलं. गल्लीतल्या बायका बोलत उभ्या असल्या की मला बरं वाटायचं, कारण त्यांच्याशी बोलायच्या निमित्तानं श्वास घेता यायचा. एकदा तर धुणं वाळत घालता घालता डोळ्यांपुढं अंधारी आली. निखिल धावत आला, मला अमरावतीला घेऊन गेला, सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, कुठं अडथळा नाही, झडपा ठीक आहेत, पण हृदयाला कामाची सवयच राहिलेली नाही. घरी आल्यावर निखिल म्हणाला की आता या घराला कुलूप लावू आणि तू माझ्याकडं चल, तू इथं एकटी पडलीस तर कळायचं कुणाला? त्याचं काही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. सातव्या मजल्यावरच्या त्या घरात मी पूर्वी पंधरा दिवस काढले होते. खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या. तिथं जायचं म्हणजे मला माझ्याच आयुष्यातून बदलीवर पाठवल्यासारखं होतं.

सिस्टर तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि ओळखीच्यांचं बीपी बघायला अजून घरी यायच्या. पट्टा दंडाला बांधता बांधता मी त्यांच्यापुढं रडले. मी कुणापुढं रडत नाही, हे गावाला ठाऊक आहे. त्यांनी बीपी लिहून घेतलं, पट्टा गुंडाळला आणि म्हणाल्या, "मले तीन महिने द्या. पोरगा दिवाळीत आला की त्याच्यासंगं टाकीचं टेकाड चढून दाखवा. नाही चढता आलं त मी सोता तुमची पेटी भरून देतो." गावाबाहेर पाण्याची टाकी आहे, एका टेकाडावर. मी तिथवर कधी गेले नव्हते. निखिलला फोन करून सांगितलं की दिवाळीपर्यंत थांब. तो हसला. त्याचं ते हसणं माझ्या फार कामी आलं.

पहिल्या दिवशी आम्ही शेवटच्या घरापर्यंत गेलो आणि मी एका दगडावर बसले. दुसऱ्या दिवशी मी इरेला पेटून तरातरा चालले, तर सिस्टरनी दंड धरून थांबवलं. त्यांचा नियम एकच होता. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलता येत नसेल तर जास्त होतंय, गाता येत असेल तर नुसतं मिरवणं चाललंय. मी शिक्षिका, मला असल्या नियमांचं शास्त्र विचारायची खोड. तेव्हा त्यांनी सांगितलं ते आमच्या शाळेतल्या पुस्तकापेक्षा सोपं होतं. हृदय हे मांसच. रोज थोडं जास्त कामाला लावलं की ते एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, मग त्याला धावपळ करावी लागत नाही. पायांचे स्नायूही रक्तातून हवा चांगली ओढून घ्यायला शिकतात. "गोठ्यात बांधून ठेवलेला बैल पेरणीच्या दिवशी जुपला त पहिल्या तासालेच तोंडाले फेस येते," त्या म्हणाल्या, "रोज जुपलेला दिवसभर चालते. तुमाले गोठ्यातून काढून राह्यलो, बस." मला बैल म्हणणारी गावातली ती पहिली बाई. मी मनातल्या मनात चिडले आणि बोलत बोलत चालत राहिले.

पण आमच्याकडं सडकेनं नुसतं चालणं सोपं नाही. गावातला रिवाज असा की ओळखीचं माणूस पायी दिसलं तर गाडी थांबवायचीच. "काकू, बसा, सोडतो." आणि बसायला नकार दिला तर समोरच्याला वाईट वाटतं, आपली गाडी यांना चालत नाही असं वाटतं. त्यात मी अर्ध्या गावाला शिकवलेली बाई. अर्ध्या तासात आठ-दहा मोटारसायकली थांबायच्या. कुठं चालल्या, कुठंच नाही, मग चालून कायले राह्यल्या, असं प्रत्येकाशी. चौथ्या-पाचव्या दिवशी कारंज्याच्या जीपवाल्यानं आम्हाला दोघींना दिवस मावळायच्या वेळेला सडकेनं जाताना पाहिलं. हातात पिशवी नाही, जीपमध्ये बसायला तयार नाहीत. त्यानं सरळ अर्थ लावला की मास्तरीणबाई घरच्यांशी भांडून निघाल्या आहेत आणि सिस्टर समजूत काढताहेत. त्यानं माझ्या धाकट्या दिरांना फोन केला. दहा मिनिटांत दीर मोटारसायकलवर, मागं जाऊबाई, चेहरे पडलेले. दीर गाडीवरून उतरून हात जोडून म्हणाले, "वहिनी, काय चुकलं ते घरी बसून बोलू. अशा सडकेवर नका येऊ." जाऊबाई तर रडायलाच लागल्या, कारण त्याच आठवड्यात आमचं बांधावरच्या लिंबाच्या झाडावरून खरंच थोडं वाजलं होतं. मला हसू की रडू असं झालं. सिस्टर मात्र गंभीर चेहरा ठेवून उभ्या होत्या. ते लिंबाचं प्रकरण तिथं सडकेवरच मिटलं, हा एक फायदा झाला.

त्या रात्री सिस्टरना इलाज सुचला असावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका जुन्या केसपेपरच्या कोऱ्या पाठीवर ठळक अक्षरात लिहून आणलं : रोज अर्धा तास पायी चालणे, गाडीवर बसण्यास सक्त मनाई. खाली सही. म्हणाल्या की नुसतं चालणं म्हणजे रिकामपण, पण कागदावर लिहिलेलं चालणं म्हणजे औषध, आणि औषधाच्या आड आपल्याकडं कोणी येत नाही. खरंच तसं झालं. मोटारसायकल थांबली की मी ब्लाउजमधून कागद काढून दाखवायचे. वाचता न येणारेसुद्धा तो हातात घेऊन बघायचे, मान हलवायचे आणि "मंग चाला, चाला" म्हणून गाडी पुढं काढायचे. महिनाभरात कागदाच्या घड्या फाटल्या, तोवर गावाला सवय झाली होती.

चंद्रकला मात्र हसायची. ती आमच्या वावरात निंदायला येते, वीस वर्षांपासून. बांधावरून ओरडून म्हणायची, हे काय नवीन खूळ, आमाले तर असं कोणी चालायले सांगत नाही. एकदा सिस्टर तिला म्हणाल्या की तुला गरज नाही, तू रोज तीन तास वाकून निंदते, दोन हंडे डोक्यावर आणते. मग माझ्याकडं वळून त्याच स्वरात म्हणाल्या, "हिची छाती तुमच्यापेक्षा कितीतरी चांगली चालते म्याडम. हिले आराम पायजे अन् तुमाले काम पायजे. दोघींचं उलटं होऊन बसलं." मी वर्गात श्रमप्रतिष्ठा हा धडा किती वेळा शिकवला असेल त्याची मोजदाद नाही. पण तो कळला त्या दिवशी, कपाशीच्या बांधावर, छाती वरखाली होत असताना.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सिस्टर माझ्या मनगटावर बोटं ठेवून आपल्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडं बघत बसायच्या आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायच्या. उठल्या उठल्या घेतलेला ठोका. आकडा हळूहळू खाली उतरत गेला. मला त्याचा आधी अर्थ लागेना, कमी म्हणजे वाईट असंच वाटायचं. पण आकड्यापेक्षा मला दुसऱ्या गोष्टींनी सांगितलं. बाजारातून येताना मी एकदाही थांबले नाही, हे घरी येऊन पिशवी ठेवल्यावर लक्षात आलं. रात्री झोप लागायला लागली. देवळातल्या पायऱ्या चढून वर गेल्यावर घंटा वाजवायला हात आपोआप उचलला गेला, आधी खांबाला टेकावं लागायचं. आणि दिवाळीत निखिल आला. पाडव्याच्या सकाळी आम्ही तिघं टाकीच्या टेकाडाकडं निघालो. सिस्टर पायथ्याशीच थांबल्या, म्हणाल्या, परीक्षा विद्यार्थ्याची आहे. मी बोलत बोलत चढले. अर्ध्या चढावर मला कळलं की मी एकटीच बोलते आहे. मागं वळून पाहिलं तर माझा चाळिशीतला मुलगा कमरेवर हात ठेवून, तोंड उघडं टाकून उभा होता. खाली आल्यावर सिस्टर त्याला बघून म्हणाल्या, "आता पेटी कोणाची भरू?" निखिलनं त्यांना वाकून नमस्कार केला. पुण्याचा विषय त्यानंतर सहा वर्षं निघाला नाही.

सहा वर्षं आम्ही चाललो. पाऊस फार असला तर माझ्या पडवीत, नाहीतर सकाळी सहाला शेतांमधल्या पांदणीच्या वाटेनं टाकीपर्यंत आणि परत. बोलायचं हा नियमच होता, त्यामुळं आम्ही किती बोललो असू... त्यांनी केलेली बाळंतपणं, दाराआड उभं राहून लस नको म्हणणाऱ्या सासवा, वर्षाच्या वडिलांचं दारूत जाणं, माझ्या मिस्टरांचा तिरसटपणा. दोघींच्या घरात संध्याकाळी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून दिवसभराचं सगळं आम्ही सकाळसाठी राखून ठेवायचो. एकच गोष्ट मात्र बोलायची राहिली. माझ्या सासूबाई होत्या तेव्हा सिस्टर निखिलला लस द्यायला घरी यायच्या, आणि त्यांच्यासाठी चहाचा कप वेगळा होता. बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला, कान तुटलेला. सिस्टर स्वतःच तो घ्यायच्या, पिऊन झाल्यावर स्वतःच विसळून ठेवायच्या. मी शाळेत समतेचं कलम फळ्यावर लिहून घरी यायचे आणि तो कप पाहून न पाहिल्यासारखं करायचे. एका सकाळी टेकाडाच्या चढावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, सिस्टर, आमच्या घरी तो कप होता ना... त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "चढावर अशे विषय काढू नका म्याडम, दम लागते. सपाटीवर बोला." आम्ही वर गेलो. सपाटी आली. टाकीला टेकून दोघी उभ्या राहिलो, खाली तुरीची शेतं पिवळी झाली होती. मी काही बोलले नाही आणि त्यांनी काही विचारलं नाही. नंतरही बोलले नाही. भित्रेपणा, दुसरं काय.

दसऱ्याच्या सुमारास त्यांचं खाणं सुटलं. चालताना त्या गप्प राहायला लागल्या. मी चिडवलं, आज नियम मोडला म्हणून. म्हणाल्या, पोटात वर जरा धरल्यासारखं होतं. ज्यांनी गावभरच्या पोटदुख्यांना वेळेवर दवाखाना दाखवला त्यांनी स्वतःचं दुखणं दोन महिने ओवा चावून काढलं होतं. अकोल्याला नेलं तेव्हा पोटातला आजार पसरलेला होता. शेवटची टेकाडाची फेरी त्यांनी वर्षाशी भांडून केली. वर पोचल्या, उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या की पाय अजून दमले नाहीत, पोटच दगा देऊन राह्यलं.

जे सांगायचं मला सगळ्यात जड जातंय ते इथं येतं. शेवटचे चार दिवस त्या शुद्धीत नव्हत्या. डॉक्टरांनी एक रात्र सांगितली होती. पण ते हृदय थांबायला तयारच नव्हतं. इतक्या वर्षांचं चालणं त्यात होतं, लसीची पेटी घेऊन केलेल्या पायपिटीपासून आमच्या टेकाडापर्यंत. ते कण्हणाऱ्या देहाला घेऊन आपलं रोजचं काम करत राहिलं, चार दिवस आणि चार रात्री. वर्षा मला बाहेर घेऊन आली आणि भिंतीला डोकं टेकून म्हणाली, "मावशी, आईचं काळीज एवढं मजबूत नसतं त ती सुटली असती व." बुद्धवंदनेच्या दिवशी लोक आले, बसले आणि जाताना तेच ते बोलले. एवढी चालायची बाई, काय फायदा झाला. एरवी कुणी असं बोललं असतं तर मी त्याला तिथंच उभं-आडवं घेतलं असतं. पण वर्षाचे शब्द कानात होते. मग मी चालणं सोडलं. दुःखानं नाही, रागानं. कमावलेलं असं अंगावर येणार असेल तर कमवायचं कशासाठी, असं म्हणून मी दिवाणावर जाऊन पडले.

महिना-सव्वा महिना गेला. सकाळी सहाला डोळे उघडायचे आणि मी कुशीवर वळून भिंतीकडं बघायचे. दिवसभराचं जे बोलायचं ते साठत जायचं. शेजारच्या घरी सून आली, चंद्रकलाचा नातू चालायला लागला, हरभऱ्याला घाटे लागले. आणि ते सांगायचं कुणाला? जाऊबाईंना सांगून पाहिलं, त्या अर्ध्यावर स्वतःचं सुरू करतात. निखिल फोनवर सगळं ऐकतो, पण मागं कॉम्प्युटरची बटणं वाजत असतात. दोन-तीन दिवस तर असे गेले की दूधवाल्याशी बोलले तेवढंच. एकटेपण मी मिस्टर गेल्यावर पाहिलं होतं, पण ते घरातलं होतं. हे घराबाहेरही सगळीकडं होतं.

परवा तुरीचं पोतं गच्चीवर टाकलेलं होतं, ते बघायला वर निघाले. माझ्या जिन्याच्या पायऱ्या सोळा. दहाव्या पायरीवर मला थांबावं लागलं. आधी वाटलं, घाईनं चढले असेन. कठडा धरला, श्वास घेतला, आणखी दोन चढले आणि सरळ पायरीवर बसले. छाती धाडधाड वाजत होती, सहा वर्षांपूर्वी वाजायची तशी. तिथं बसल्या बसल्या मला घाम फुटला तो दमानं नाही. सिस्टर मला सांगायच्या, सोडलं की हे फार दिवस राहत नाही म्याडम, हळूहळू कमावलेलं पटकन उतरते. वर्षानं त्यांचं घर आवरलं तेव्हा मला विचारलं होतं, मावशी, आईचं काही ठेवायचं का, साडी, घड्याळ, काही. मी नको म्हटलं होतं. मला वाटलं होतं, त्यांचं माझ्याकडं काही नाही. आणि होतं ते हेच. माझ्या छातीत त्यांनी सहा वर्षं बसून तयार केलेलं, रोज सकाळी. साडी असती तर पेटीत घडी घालून ठेवता आली असती. हे ठेवता येत नाही. हे मी दिवाणावर पडून महिन्याभरात निम्मं घालवलं होतं, आणि त्यांच्या हातचं दुसरं काही जगात माझ्यापाशी नव्हतं. मी त्या बाराव्या पायरीवर बसून मोठ्यानं रडले. गच्चीवरची चिमणी उडून गेली.

नेमका तेव्हाच निखिलचा फोन आला. मी उचलायला नको होता. हॅलो म्हटलं आणि त्याला लगेच कळलं. तो म्हणाला, आई, तुला दम लागलाय. मी म्हटलं, जिना चढत होते. तो म्हणाला की रविवारी गाडी घेऊन येतो, या वेळी वाद घालू नकोस. मी त्याला म्हटलं, मला तीन महिने दे. होळी होऊन जाऊ दे, मग ये, मी टेकाड चढून दाखवते, तेव्हाही दाखवलं होतं ना. तो आवाज खाली आणून म्हणाला, "तेव्हा सिस्टर होत्या, आई." मी फोन ठेवला नाही आणि त्यानंही ठेवला नाही. शेवटी मीच म्हटलं, तरी दे. तो बरं म्हणाला, पण पहिल्यासारखा हसला नाही.

काल सकाळी सहाला निघाले. थंडी होती, पांदणीवर धुकं होतं. पहिली पाच मिनिटं मी नेहमीच्या लगबगीनं चालले आणि पुलाच्या अलीकडंच पोटरीत गोळा आला, श्वास तुटायला लागला. थांबले. काय चुकलं ते उमगायला वेळ लागला. मी बोलत नव्हते. किती जोरात चालतेय हे मला माझ्या बोलण्यावरूनच कळायचं, आणि मी तोंड मिटून चालले होते. एकट्या माणसानं हा नियम कसा पाळायचा हे त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं, त्यांना गरज पडली नव्हती. मग मी इकडंतिकडं पाहिलं आणि बोलायला लागले. सुरुवातीला आवाज फुटेना, लाज वाटली. शेजारच्या सुनेपासून सुरू केलं. मग चंद्रकलाचा नातू. मग वर्षानं घर आवरलं ते, गच्चीवरची तूर, निखिल काय म्हणाला ते. पाय आपोआप ठेक्याला लागले. मागून मोटारसायकल आली आणि थांबली. माझाच एक जुना विद्यार्थी, आता दोन पोरांचा बाप. म्हणाला, बाई, बसा, टाकीपर्यंत सोडतो. मी नको म्हटलं. त्यानं माझ्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, कानाकडं पाहिलं, आणि जरा चाचरत विचारलं, "फोनवर बोलून राह्यल्या का बाई?"

मी हो म्हटलं.

तो गेला. पुढं टेकाड लागलं. निम्म्या चढापर्यंत मी बोलत गेले, आणि मग एका वाक्याच्या मध्येच छाती भरून आली, पुढचा शब्द निघेना. उभी राहिले. खाली गाव धुक्यात दिसत नव्हतं, नुसती कुठंतरी पाण्याची मोटर सुरू झाल्याचा आवाज येत होता. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. बाकीचं वर गेल्यावर सांगते, असं म्हणाले, आणि चालायला लागले.